मशागत आणि राखण: सृष्टीचं ईश्वरविज्ञान शिकताना

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी ईश्वरविज्ञानाकडे वळले. पहिला निबंध मोठ्या उत्साहाने लिहिला: बायबलच्या आरंभी देव म्हणतो तो ‘प्रकाश होवो’ म्हणजेच विज्ञानातला विश्वारंभाचा महास्फोट. शिक्षकांनी समासात एवढंच विचारलं, “उद्या विज्ञानाने हा सिद्धांत बदलला तर?” पुढे वाचनात आलं, की १९३१ साली विश्वाच्या आदिम अणूची, म्हणजे महास्फोटाच्या सिद्धांतामागची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि तिला श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरणं त्यांनाच मान्य नव्हतं.

नवे विद्यार्थी बायबल आणि विज्ञान यांचा असा मेळ घालण्यातच अडकतात. तिथे रेंगाळू नका. मध्ययुगीन ख्रिस्ती ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनसच्या लेखी निर्मिती ही फक्त आरंभीची घटना नाही. जे जे आहे ते या क्षणीही देवावर अवलंबून आहे, त्या नात्याचं नाव निर्मिती. हे उमगल्यावर उत्क्रांतीचा अभ्यास मी निर्धास्तपणे करू लागले.

खरा वेळ द्यायचा तो बायबलच्या शब्दांना. १९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात दाखवलं. मला तो फार झोंबला, पण टाळू नका. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १:२८ मध्ये, माणसाला सत्ता चालवायला सांगितलं आहे, हे खरंच आहे. मात्र लगेच २:१५ हिब्रूत वाचा. ‘आवद’ आणि ‘शामर’: मशागत आणि राखण. ‘आवद’चा अर्थ सेवा करणं असाही होतो, आणि बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लेवींच्या, म्हणजे उपासनेची सेवा सोपवलेल्या वंशाच्या, निवासमंडपातल्या (इस्राएलच्या उपासनेच्या तंबूतल्या) सेवेसाठी हेच दोन धातू जोडीने येतात. बागेतलं काम उपासनेच्या शब्दांत सांगितलेलं! एवढ्यासाठी तरी हिब्रू शिकाच.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायाने तर मला हलवून सोडलं. जिथे माणूसच नाही त्या रानावर देव पाऊस पाडतो. त्या पावसाचा आपल्याला काही उपयोग नाही, तरी तो पडतो.

पोप फ्रान्सिस यांचं २०१५चं पर्यावरणावरचं परिपत्रक ‘लाउदातो सी’ वाचताना पहिलं प्रकरण ओलांडून पुढे जाऊ नका. त्यात प्रदूषण, हवामान, पाणी, जैवविविधता आहे. निर्मितीची सुवार्ता दुसऱ्या प्रकरणात येते. मी अभ्यासाचा क्रमही तोच ठेवते: आधी चौरस मीटरची चौकट टाकून त्यातली झाडोऱ्याची नोंद, मग बायबलमधलं सृष्टीवरचं स्तोत्र १०४.