मालगाडीच्या वाघिणीचं वय कसं ओळखायचं

सोलापूरजवळच्या होटगीच्या यार्डात शंटिंग (इंजिनाने डबे पुढे-मागे नेऊन जोडणं-सोडणं) बघायला मुलांना नेलं की पहिली दहा मिनिटं मजेत जातात, मग ‘चला ना घरी’ सुरू होतं. तेव्हा त्यांना वाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा, नंबर वाचायला लावा.

प्रत्येक वाघिणीच्या अंगावर ११ आकडी नंबर असतो.

१. पहिले दोन आकडे प्रकाराचे. १० ते २९ म्हणजे उघडी (कोळशाची वगैरे), ३० ते ३९ बंद, ४० ते ४९ टाकी.
२. पुढचे दोन मालकीचे. ०१ म्हणजे आपली मध्य रेल्वे.
३. पाचवा-सहावा आकडा बांधणीचं साल. नंबर २२०११२ असा सुरू झाला, तर ती उघडी वाघीण, मध्य रेल्वेची, २०१२ सालची.

उरलेल्याकडे बघूच नका. सगळ्यात जुनी कोण शोधतो, अशी पैज लावली की तासभर निश्चिंती. भरधाव गाडीवर हे जमत नाही, शंटिंगची संथ चालच हवी. दुर्बीण असेल तर उत्तम. जवळच रंगवलेल्या दुरुस्तीच्या तारखा मात्र बांधणीचं साल समजू नका.

नंबर पुसट दिसला तरी रुळांत उतरायचं नाही. उभी मालगाडी शंटिंगमध्ये कधीही हलते. प्लॅटफॉर्मवरून किंवा कुंपणाबाहेरूनच वाचा.