देनारियस: नावाचा अर्थ लावताना या चुका टाळा

देनारियस हे प्राचीन रोमचं चांदीचं मुख्य नाणं. लॅटिनमध्ये ‘डेनी’ म्हणजे दहा-दहा. त्यावरून देनारियस, म्हणजे ‘दहाचं’. पण दहा काय, हे न बघताच अनेकजण दहा ग्रॅम लिहून मोकळे होतात. दहा ‘अस’, म्हणजे काशाची दहा नाणी, एवढी त्याची किंमत. वजन सुरुवातीला जेमतेम साडेचार ग्रॅम. एका रोमन पौंडात ७२ नाणी पाडत.

सालही तपासून घ्या. जुन्या पुस्तकांत इ.स.पू. २६९ दिसतं, ते प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या भरवशावर. सिसिलीतल्या मॉर्गंटिना इथल्या उत्खननानंतर नाण्याची सुरुवात रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धात, इ.स.पू. २११ च्या सुमारास धरतात.

खरा गोंधळ आकड्याचा. सुरुवातीच्या नाण्यावर रोमा देवीच्या डोक्यामागे X असतो, म्हणजे दहा अस. इ.स.पू. १४१ च्या सुमारास भाव सोळा असांवर गेला. काही नाण्यांवर चक्क XVI आलं आणि पुढे त्याचंच आडवी रेघ मारलेल्या X सारखं जोडचिन्ह झालं. नाव मात्र ‘दहाचं’ ते ‘दहाचं’च. त्यामुळे नाण्याचं साल न बघता नावावरून हिशेब करू नका. त्यातही मेख आहे: प्लिनी सांगतो की सैनिकांच्या पगारात देनारियस दहा असांचाच धरला जाई.

V दिसला तर तो क्विनारियस, पाच असांचा. IIS म्हणजे अडीच असांचा सेस्टर्टियस. आकडाच नाही, एका बाजूला ज्युपिटर आणि दुसरीकडे विजयचिन्हाला माळ घालणारी विजयदेवी असेल, तर तो व्हिक्टोरिएटस. त्याला देनारियस म्हणू नका. आणि ‘देनारी’ हे अनेकवचन आहे. ‘एक देनारी’ लिहिणं चूकच.

देनारियसवरूनच आलेला दीनार हा शब्द सुलतानांबरोबर भारतात आला, हाही गैरसमजच. सांचीच्या गुप्त संवत ९३ च्या, म्हणजे इ.स. ४१२-१३ च्या लेखात २५ दीनारांचं दान नोंदलेलं आहे. तो दीनार सोन्याचा. तिथे दहा असांचा भाव लावायला जाऊ नका. गोव्यात पोर्तुगीजांमुळे ओळखीचा झालेला ‘दिन्येरु’, म्हणजे पैसा, हाही देनारियसच्याच घराण्यातला. दिरहम मात्र ग्रीक द्राख्मावरून आला आहे.