कॅनडाचा पीआर अर्ज: कागद आधी जमवा, या चुका टाळा

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या रहिवासाचा, माझा पहिला अर्ज नामंजूर झाला तो एका पानाच्या पत्रामुळे. हिंजवडीत मी तीन वर्षं नोकरी केली होती आणि निघताना कंपनीने दिलेलं पत्र अर्जाला जोडलं होतं. त्यात माझं पद होतं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख होती, शेवटी पुढच्या वाटचालीस शुभेच्छा होत्या. मी तिथे नेमकं काय काम करत होते, आठवड्याला किती तास करत होते, पगार किती होता, यातलं काहीच नव्हतं. अधिकाऱ्याने ती तीन वर्षं धरलीच नाहीत. तेवढे गुण गेल्यावर माझा स्कोअर त्या ड्रॉच्या (निवडीच्या फेरीच्या) कटऑफखाली आला आणि फाइल बंद झाली.

दुसऱ्या अर्जाला पीआर मिळाला. तेव्हापासून टोरंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडची ओळखीची मुलं-मुली अर्ज पाठवण्याआधी कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी परवानाधारक सल्लागार नाही आणि कुणाकडून पैसे घेत नाही. पण त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या आहेत की एकदा नीट लिहून काढायला हव्यात असं वाटलं. हे सगळं एक्स्प्रेस एंट्रीबद्दल, म्हणजे गुणांनुसार पीआरसाठी निवड करण्याच्या कॅनडाच्या पद्धतीबद्दल आहे, आणि मुख्यतः वर्क परमिटवर कॅनडात काम करत असलेल्यांसाठी.

साठ दिवस कागद जमवायला नसतात

एक्स्प्रेस एंट्री जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. प्रोफाइल भरताना बहुतेक माहिती तुमच्या शब्दावर घेतली जाते, कागद कुणी मागत नाही. म्हणून सगळे निर्धास्त राहतात. मग अर्ज करण्याचं निमंत्रण येतं आणि तिथून ६० दिवसांत प्रत्येक गोष्टीचा पुरावा अपलोड करावा लागतो. पुण्यातल्या जुन्या मॅनेजरने कंपनी सोडलेली असते, एचआर मेलला उत्तर देत नाही, भारताचं पोलीस क्लिअरन्स अडकलेलं असतं. वयाच्या अठराव्या वर्षानंतर आणि गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त कॅनडाला सूट आहे. रत्नागिरी-रायगडकडचे अनेकजण इथे येण्याआधी दुबई, कतार, कुवेत करून आलेले असतात. आखाती देशाचं प्रमाणपत्र इथून मिळवायला वेळ लागतो आणि नेमकं तेच लोकांना शेवटी आठवतं. शिवाय २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जासोबतच द्यावी लागते, कुटुंबातल्या सगळ्यांची.

वेळेत होणार नाही असं दिसलं तर निमंत्रण नाकारा. नाकारलं तर प्रोफाइल परत पूलमध्ये, म्हणजे निवडीची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत जातं. उत्तरच दिलं नाही तर निमंत्रणही जातं आणि प्रोफाइलही, मग सगळं नव्याने भरायचं. अर्धवट अर्ज घाईने पाठवणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

अनुभवपत्र

आपल्याकडच्या कंपन्यांचं रिलीव्हिंग लेटर इथे पुरत नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल हवा, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा. मजकुरात तुमची पदं, प्रत्येक पदाच्या तारखा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते, हे सगळं हवं.

कामाचं स्वरूप हा गाभा. आपल्याकडे एनओसी म्हटलं की ना हरकत प्रमाणपत्र आठवतं, पण कॅनडात ते राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण आहे. त्याची सध्याची पाच आकडी कोडची आवृत्ती १६ नोव्हेंबर २०२२ पासून इमिग्रेशनसाठी वापरात आहे, तेव्हा चार आकडी कोड सांगणारे जुने लेख बाजूला ठेवा. लोक पदनाम बघून कोड निवडतात. अधिकारी मात्र काम बघतो. रेस्टॉरंटमध्ये काउंटर सांभाळणाऱ्या मुलाच्या पत्रावर 'सुपरवायझर' लिहिलं तरी तो ६२०२० (फूड सर्व्हिस सुपरवायझर) मध्ये बसत नाही. हाताखाली माणसं होती, त्यांच्या पाळ्या तो लावायचा, माल मागवायचा, हे पत्रात दिसलं पाहिजे आणि मुळात खरं असलं पाहिजे. नाहीतर ते काम ६५२०१ (काउंटरवरचे आणि स्वयंपाकघरातले मदतनीस) मध्ये जातं आणि त्या वर्गाचा अनुभव एक्स्प्रेस एंट्रीत मोजलाच जात नाही. उलट टोकाची चूकही तितकीच होते: सरकारी संकेतस्थळावरची कामांची यादी जशीच्या तशी पत्रात उतरवायची. असं पत्र वाचताक्षणी ओळखू येतं. तुम्ही कोणती सिस्टीम सांभाळली, कुठला हिशेब केला, कुठलं मशीन चालवलं, ते तुमच्या कामाच्या भाषेत येऊ द्या.

कंपनी पत्र देतच नसेल तर गप्प बसू नका. जुन्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पगार जमा झालेली बँक स्टेटमेंट जोडा. कंपनीकडे पत्र मागितल्याच्या ईमेलही जोडा, आणि पत्र का नाही ते एका पानात लिहा. माझ्या पहिल्या अर्जात ते एक पानही नव्हतं.

कॅनडातलं एक वर्ष कसं मोजतात

कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी (एक्स्प्रेस एंट्रीतला, कॅनडात काम केलेल्यांचा वर्ग) गेल्या तीन वर्षांत एक वर्षाचं, म्हणजे १,५६० तासांचं कुशल काम लागतं. यात तीन ठिकाणी गफलत होते. आठवड्याला ३० तासांच्या वरचे तास धरत नाहीत, त्यामुळे ओव्हरटाइम करून आठ महिन्यांत वर्ष पुरं होत नाही. पूर्णवेळ शिक्षण चालू असताना केलेलं काम, को-ऑपसुद्धा (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम), यात येत नाही. आणि काम करताना तुम्ही प्रत्यक्ष कॅनडात असावं लागतं. गणपतीला घरी जाऊन पुढे दोन महिने तिथूनच लॅपटॉपवर काम केलं, तर ते आठवडे वजा करून हिशेब मांडा. स्वतःचा व्यवसाय करून मिळवलेला अनुभवही या वर्गात चालत नाही.

लाजेपोटी किंवा विसरून गाळलेलं

हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. कारण इथे चांगली, प्रामाणिक माणसं अडकतात.

फॉर्ममध्ये दहा वर्षांचा इतिहास द्यावा लागतो, एकही महिना मोकळा न सोडता. सदाशिव पेठेत खोली घेऊन दोन-तीन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केलेली मुलं तो काळ लिहीतच नाहीत, किंवा काकांच्या दुकानात नोकरी केल्याचं दाखवतात. गरज नाही. 'नोकरी नव्हती, स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो' एवढं लिहिलं की झालं. रिकामा काळ असणं हा दोष नाही. खोट्या नोकरीने तो भरणं मात्र गुन्हा ठरतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी किंवा दडवलेली माहिती सिद्ध झाली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही.

दुसरं, जुने नकार. 'कॅनडाने किंवा इतर कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न नीट वाचा. आठ वर्षांपूर्वी अमेरिकेच्या वकिलातीत दोन मिनिटांत मिळालेला नकारही त्यात येतो.

तिसरं, लग्न. आपल्याकडे व्हिसासाठी आधी नोंदणी लग्न उरकतात आणि सहा महिन्यांनी कार्यालयात विधी करतात. घरचे दुसऱ्या तारखेलाच लग्न मानतात, म्हणून मुलगा फॉर्मवर 'अविवाहित' लिहून मोकळा होतो. कायद्याने तो नोंदणीच्या दिवसापासून विवाहित आहे. जोडीदार आणि मुलं सोबत येणार नसली तरी ती जाहीर करावीच लागतात. जाहीर न केलेल्या आणि म्हणून तपासणी न झालेल्या कुटुंबीयाला पुढे फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना बोलावण्याच्या वर्गातून) स्पॉन्सर करता येत नाही. लग्नाशिवाय जोडीने एक वर्ष एकत्र राहात असाल तर ते नातंही कॅनडाच्या नियमांत बसतं, घरी माहीत नसलं तरी. आणि अर्ज चालू असताना लग्न झालं किंवा बाळ झालं, तर लगेच इमिग्रेशन खात्याच्या वेब फॉर्मने कळवा.

नावं आणि भाषांतरं

विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर आडनावच वेगळं. आपल्या बायकांच्या फाइलमध्ये एकाच व्यक्तीची तीन नावं सहज निघतात. माहेरचं नाव 'इतर नावे' या रकान्यात लिहा आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मराठीतला दाखला असेल तर भाषांतर स्वतः करू नका, घरातल्या कुणाकडूनही नको. नातेवाइकाने केलेलं भाषांतर स्वीकारत नाहीत.

गुणांचा हिशेब

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची तर जनरल ट्रेनिंग. कॉलेजच्या प्रवेशासाठी दिलेली अॅकॅडमिक इथे उपयोगाची नाही. निकाल दोन वर्षं चालतो आणि अर्ज पाठवण्याच्या दिवशीही तो वैध असावा लागतो. सीएलबी (इंग्रजी मोजण्याची कॅनडाची पातळी) ९ साठी लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. एका लेखनात साडेसहा आले की शिक्षण आणि अनुभवासोबत मिळणारे जोडगुणही कमी होतात, म्हणून पुन्हा परीक्षा देण्याचा खर्च इथे खरंच वसूल होतो. एकट्या अर्जदाराचे तिशीनंतर दर वर्षी पाच-सहा गुण जातात हेही लक्षात ठेवा. ज्यांनी अकरावी-बारावीत गुणांसाठी फ्रेंच घेतलं होतं त्यांनी ती वही परत काढावी. चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचसाठीची तशीच पातळी) ७ आणि सोबत बरं इंग्रजी असेल तर ५० जादा गुण मिळतात.

नोकरीची ऑफर विकत घेऊ नका. २५ मार्च २०२५ पासून तिचे जादा गुण बंद झाले आहेत, तरी 'एलएमआयए (परदेशी कामगार नेमायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) करून देतो' म्हणत लाखो रुपये मागणारे आजही भेटतात. पैसे देऊन सल्ला घ्यायचाच असेल तर वकील घ्या, किंवा सल्लागाराचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत शोधा. अर्ज दुसऱ्याने भरला तरी त्यातल्या खोट्याची जबाबदारी तुमच्यावरच येते.

परमिट संपत आलं असेल तर

पीआरचा अर्ज टाकला म्हणून राहण्याचा किंवा काम करण्याचा हक्क मिळत नाही. वर्क परमिटची मुदत वेगळी चालते. अर्ज प्राथमिक तपासणीत पूर्ण ठरला की ब्रिजिंग ओपन वर्क परमिट (पीआरचा निकाल येईपर्यंत काम करू देणारं परमिट) मागता येतं, पण ते आधीचं परमिट जिवंत असताना मागा. मुदत उलटून गेली तर ९० दिवसांत दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, मात्र त्या काळात काम करता येत नाही. पासपोर्टही तपासा: परमिट पासपोर्टच्या मुदतीपुढचं देत नाहीत. पदवीनंतरचं तीन वर्षांचं परमिट दीड वर्षाचं आलं की माणूस घाबरून जातो. कारण बहुतेकदा हेच असतं. पासपोर्ट नवा केल्यावर उरलेली मुदत मागता येते.

चूक लक्षात आली किंवा पत्र आलं तर

अर्ज गेल्यावर चूक सापडली तर अधिकाऱ्याने विचारायची वाट पाहू नका. वेब फॉर्मवर चूक, बरोबर माहिती आणि कारण, तिन्ही लिहून पुराव्यासह पाठवा. प्रोसीजरल फेअरनेस लेटर आलं तर मात्र घरी बसून उत्तर लिहू नका. ते पत्र म्हणजे नकार देण्याआधीची तुमची संधी असते. दिलेल्या मुदतीत, आणि वकिलाला दाखवूनच उत्तर द्या.

नकार आला तर पुन्हा तोच अर्ज टाकण्याआधी अधिकाऱ्याच्या नोंदी मागवा. माहितीच्या अधिकारातला हा अर्ज पाच डॉलरमध्ये होतो. फेडरल कोर्टात जायचं असेल तर कॅनडातल्या प्रकरणात मुदत फक्त १५ दिवसांची आहे, त्यामुळे नोंदींची वाट न पाहता आधी वकील गाठा.

माझ्या नोंदींमध्ये दोनच ओळी होत्या: पत्रात कामाचं स्वरूप नाही, तास नाहीत. त्या वाचल्यावर मी हिंजवडीतल्या जुन्या टीम लीडला फोन केला. त्यांनी कंपनी सोडून बराच काळ झाला होता, तरी एका शनिवारी ते शिवाजीनगरला नोटरीकडे गेले आणि मी तीन वर्षं काय काम केलं ते दोन पानांत लिहून दिलं. दुसऱ्या अर्जात ती दोन पानं पगाराच्या छत्तीस स्लिपांच्या वर लावली होती.