शिकागोत मेक्सिकन जेवणाचा बेत: निघण्याआधीची तयारी

जागा ठरवण्याआधी माणसे ठरवावीत. नेपरव्हिल, शॉमबर्ग या उपनगरांकडची चार-पाच मराठी कुटुंबे मिळून शनिवारी रात्री शिकागोत जेवायला निघाली की पंगतीत सर्व प्रकार असतात. कोणी सगळे खाणारा, कोणी फक्त कोंबडी आणि मासे खाणारा, कोणाला अंडे चालते पण मांस नाही, एखाद्या घरच्या आजींना अंड्याचा वासही नको, आणि कोणाची तरी नेमकी त्याच दिवशी संकष्टी निघते. ग्रुपवर ‘व्हेज किती जण?’ असे मोघम विचारून यातले काहीही कळत नाही. प्रत्येक घराला वेगळे विचारावे आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. शेंगदाणे, बदाम किंवा तीळ यांची ॲलर्जी असलेले मूल असेल तर तेही त्याच कागदावर यावे, कारण मोले या दाट सॉसमध्ये सुकवलेल्या मिरच्यांबरोबर यांपैकी काहीही वाटून घातलेले असू शकते.

आता जागा. पिल्सेनमधला 18वा रस्ता आणि लिटल व्हिलेजमधला 26वा रस्ता या मेक्सिकन वस्तीच्या दोन मुख्य बाजारपेठा आहेत. तेथली बरीच चांगली दुकाने एकाच पदार्थावर उभी आहेत, हे ध्यानात घ्यावे. कार्नितास म्हणजे चरबीत मंद आचेवर शिजवलेले डुकराचे मांस, ही मिचोआकान प्रांताची खासियत. बिर्रिया म्हणजे सुकवलेल्या मिरच्यांचे वाटण लावून शिजवलेले बकऱ्याचे मांस, ते हालिस्कोचे. मटण खाणाऱ्या मराठी माणसाने बिर्रिया एकदा आवर्जून खावी. हाडासकट मांस, वाडग्यात गरम रस्सा, वर चिरलेला कांदा आणि लिंबू, सोबत मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी; परदेशातल्या जेवणात आपल्या जिभेला इतके जवळचे क्वचितच काही मिळते. पण अशी दुकाने मुख्यतः दिवसाची असतात, माल संपला की दार लावतात, आणि शाकाहारी माणसाला तेथे जवळजवळ काहीच मिळत नाही. तो बेत वेगळ्या रविवारी दुपारी, वेगळ्या माणसांबरोबर करावा. मिश्र मंडळींच्या रात्रीच्या जेवणासाठी लांबलचक मेनू असलेले, बसून जेवण्याचे रेस्टॉरंटच हवे. मध्यवर्ती शिकागोतल्या रिव्हर नॉर्थ भागातले फ्रॉन्तेरा ग्रिल 1987 पासून मेक्सिकोच्या निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ करत आले आहे. तेथे किंवा त्या धर्तीच्या ठिकाणी खर्च अधिक होतो, पण निवडीला वाव राहतो. मात्र शनिवारी मोठ्या गटाने न कळवता जाऊ नये.

जागा मनात ठरली की टेबल राखण्याआधी फोन करायचा आहे, आणि ही संपूर्ण यादी या एका फोनसाठी लिहिली आहे. ‘तुमच्याकडे शाकाहारी पदार्थ आहेत का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर सर्वत्र ‘हो’ असेच येते आणि त्याला काडीचाही अर्थ नसतो. विचारायचे ते हे: बीन्स कशात परतता, आणि भात कशात शिजवता? परतून घोटलेल्या बीन्समध्ये पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. तिला तेथे मांतेका म्हणतात. टोमॅटोचा लाल भात पुष्कळदा चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलेला असतो. तामाले म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, त्यांचे पीठ चरबी घालून फेटतात, गव्हाच्या टॉर्टियातही ती असू शकते, आणि टॉर्टिया सूप नावावरून निरुपद्रवी वाटले तरी बहुधा चिकनच्या स्टॉकवरच उभे असते. यांतल्या एकाही पदार्थात मांसाचा तुकडा दिसत नाही, आणि म्हणून मेनूवरच्या हिरव्या पानाच्या खुणेवर विसंबून राहता येत नाही. गेल्या वेळी नेमका हाच प्रश्न विचारायचा राहिला आणि अर्धी पंगत नुसत्या ग्वाकामोलेवर, म्हणजे ॲव्होकाडोच्या चटणीवर, उठली. बीन्स कशात, भात कशात: कागदावर सर्वांत वर लिहावे.

फोन दुपारी तीन-चारच्या सुमारास करावा, तेव्हा स्वयंपाकघराला थोडी उसंत असते. उचलणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असेलच असे नाही. ‘बहुतेक तेल असावे’ हे उत्तर मान्य करू नये. आत विचारून या, मी थांबतो, असे सौजन्याने पण ठामपणे सांगावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण शाकाहारी माणसाला डुकराची चरबी नकळत खाऊ घालणे त्यांनाही नको असते, आणि चांगल्या स्वयंपाकघरातून नेमके उत्तर येते. अनेक ठिकाणी काळा घेवडा तेलातला किंवा नुसता उकडलेला वेगळा ठेवलेला असतो, तो मागता येतो. दोनदा विचारूनही स्पष्ट उत्तर आले नाही, तर दुसरे रेस्टॉरंट पाहावे. जागा कितीही सुंदर असो, पाहावेच.

याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. चिप्स ज्या तेलात तळतात त्यातच मांस तळतात का, आणि भाज्यांसाठी वेगळा तवा मिळेल का. अनेक घरांना हे चालते, काहींना चालत नाही. म्हणून तो कागद.

मक्याची टॉर्टिया निर्धास्तपणे मागावी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून आणि वाटून तिचे पीठ होते, त्यात चरबी लागत नाही. शाकाहारी मंडळींसाठी रसरशीत पदार्थही आहेत: भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या क्रीममध्ये परतलेल्या, नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाची कोवळी पाने, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून दुमडलेली टॉर्टिया), आणि वित्लाकोचे, म्हणजे मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी, जी मश्रूमसारखी लागते आणि एकदा तरी चाखावी अशी आहे. अंडे न खाणाऱ्यांनी चीले रेयेनो टाळावे, कारण भरलेली मिरची अंड्याच्या पिठात बुडवून तळलेली असते. भाजलेल्या कणसावर मेयोनेझ लावलेले असते, त्यातही अंडे आले. फ्लान हे दुधाचे पुडिंग आणि दुधात भिजवलेला त्रेस लेचेस केक, दोन्ही अंड्याचेच. मोलेत चिकनचा स्टॉक आहे का, हे वेगळे विचारावे. तिखटाची चिंता नको; मात्र टेबलावरचा हाबानेरो मिरचीचा साल्सा, म्हणजे चटणी, आपल्या लवंगी मिरचीच्या तोडीचा असतो, तो मुलांच्या हातापासून दूर ठेवावा.

तारीख निवडताना 5 मे टाळावा. पुएब्लाच्या 1862 मधील लढाईचा हा दिवस मेक्सिकोत बहुतांशी त्या प्रांतापुरता आहे, पण अमेरिकेत त्या रात्री प्रत्येक मेक्सिकन रेस्टॉरंट भरलेले असते आणि स्वयंपाकघराला तुमच्या चरबीच्या प्रश्नाकडे पाहायला वेळ नसतो. 16 सप्टेंबरच्या, म्हणजे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आगेमागे झेंडे लावलेल्या गाड्यांचे ताफे मध्यवर्ती शिकागोत फिरतात आणि पोलिस रस्ते बंद करतात. गाडीने जाणारे तासन्‌तास अडकतात. याउलट ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ अधिक मिळतात. पण त्यांना मासे आणि कोळंबी चालते, स्टॉक आणि चरबीचा प्रश्न तसाच उरतो. म्हणजे फोन तेव्हाही करायचाच. संकष्टी असेल तर उपवास करणाऱ्यांना चंद्रोदयाच्या वेळेचे गणित घालावे लागते, म्हणून कॅलेंडर पाहून दुसरा शनिवार घेणे उत्तम.

रेस्टॉरंटमध्ये बसल्यावर ऑर्डर एकानेच द्यावी, कागद समोर ठेवून, आणि बीन्स-भाताचा प्रश्न वेटरला पुन्हा विचारावा. फोनवरचा माणूस आणि समोरचा माणूस एक नसतो.

पैशांचे थोडक्यात. मेनूवरच्या किमतीवर दहा टक्क्यांहून अधिक कर लागतो, आणि मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच धरलेली असू शकते, ती पाहून मगच वेगळी द्यावी. काही छोट्या ठिकाणी मद्य मिळत नाही पण स्वतःचे आणू देतात; विचारावे. काही ठिकाणी फक्त रोख घेतात.

रिव्हर नॉर्थमध्ये पार्किंग महाग आहे, दोन गाड्यांत माणसे मावत असतील तर तीन नेऊ नयेत. पिल्सेनला शहरी रेल्वेच्या पिंक लाइनचे 18व्या रस्त्याचे स्टेशन आहे. नेपरव्हिलला आगगाडीने परतणाऱ्यांनी युनियन स्टेशनवरून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी पाहून ठेवावी, आणि हिवाळ्यात लहान मुलांच्या टोप्या गाडीत राहू देऊ नयेत.