उपकेंद्रात बसून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा

धारणी किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावाहून मधुमेहाच्या तज्ज्ञाला दाखवायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, तर रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्याची अशी दोघांची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. या खर्चापुढे डॉक्टरांची फी पुष्कळदा किरकोळच ठरते. हा खर्च वाचवण्यासाठी २०१९ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही मोफत दूरसल्ला सेवा वापरता येते.

घरच्या मोबाइलवरून ओटीपीने नोंदणी करूनही डॉक्टरांशी बोलता येते. तरीही पहिल्या खेपेस गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रातच जावे, असे माझे मत आहे, कारण तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि शुगर मोजून ते आकडे पलीकडच्या डॉक्टरांना सांगतात. घरून बोलणाऱ्याजवळ सांगायला बहुधा 'चक्कर येते' एवढेच असते. कोणते तज्ज्ञ कधी उपलब्ध असतात, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्यावे, म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत हेलपाटा पडत नाही.

सोबत जुने कागद आणि चालू औषधे न्यावीत. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते: दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या की औषधाचे नाव आणि मुदत छापलेला भाग बहुतेक वेळा दुकानातच राहतो, आणि मग 'पांढरी, गोल गोळी' यावरून कोणत्याही डॉक्टरांना काहीच कळत नाही. म्हणून नावाचा तुकडा मागून घ्यावा, नाहीतर निदान पूर्ण पाकिटाचा फोटो काढून ठेवावा. पायाला जखम असेल तर तिचा फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या बल्बखाली लाली नीट दिसत नाही. आजीला फक्त कोरकू किंवा माडिया येत असेल तर तिची भाषा आणि मराठी दोन्ही जाणणारे कोणी शेजारी बसवावे, मात्र दुखणे आजीलाच सांगू द्यावे.

सल्ल्यानंतर मिळालेली चिठ्ठी मोबाइलमध्ये जपून ठेवावी. औषधाचे जेनेरिक नाव असेल तर जनऔषधी केंद्रात ते बरेच स्वस्त मिळते. अमली वर्गातली औषधे मात्र दूरसल्ल्यावर लिहून दिली जात नाहीत.

आभा आणि आयुष्मान कार्ड यांत गल्लत करू नये. १४ अंकी आभा क्रमांक केवळ आपले आरोग्याचे कागद एकत्र जोडण्यासाठी आहे, त्यावर उपचाराचा पैसा मिळत नाही. दूरसल्ल्यातील डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितले तर कामी येते ते आयुष्मान कार्ड. त्यावर पात्र कुटुंबाला संलग्न रुग्णालयात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे योजनेत बसणारे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. म्हणून रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे गाव सोडण्यापूर्वीच विचारावे.

सर्पदंश, छातीत दुखणे, बाळंतपणातला रक्तस्राव किंवा सिकलसेलच्या रुग्णाला अचानक असह्य कळा आल्यास दूरसल्ल्याची वाट पाहत बसू नये. थेट १०८ ला फोन लावावा, आणि घरात रेंज नसेल तर ती गावात नेमकी कुठे मिळते, हे आजच पाहून ठेवावे.