एकांकिकेचा शेवटचा आठवडा: 'समजा'ची यादी कशी संपवायची

ऑगस्ट लागला की पुण्यात कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सातनंतर डोकावून बघा, आठ-दहा पोरं अनवाणी उभी असतात आणि कोणीतरी ओरडत असतं, "ए, समजा इथे दार आहे!" पुरुषोत्तमची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची तालीम. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही स्पर्धा घेतंय, म्हणजे आपल्यातल्या काहींच्या आजोबांनीपण असंच समजा-समजा केलेलं असणार. तर धरून चाला की तुमचा प्रयोग पुढच्या रविवारी आहे, एकांकिका बसलीय, डायरेक्टरचा घसापण बसलाय आणि जो येतो तो सांगून जातो की एनर्जी वाढवा. माझं ऐकाल तर या आठवड्यात अभिनयाच्या फार मागे लागू नका, तो जेवढा व्हायचा तेवढा झालाय. आता काम एकच, तालमीत जिथे जिथे 'समजा' म्हणताय ते एकेक करून खरं करायचं.

सोमवारी सगळ्यांनी गोल बसा आणि स्क्रिप्ट पहिल्या पानापासून वाचत यादी काढा. समजा दार, समजा खिडकी, समजा हातात कप, समजा इथे अंधार झाला, समजा साडी नेसलीये. आमची फर्स्ट इयरला एकतीस निघालेली आणि आम्ही त्यातली तीस केली. राहिला तो तांब्या. माझा सीन असा होता की बाहेरून दमून यायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि मग "आबा गेले" एवढंच म्हणायचं. दीड महिना मी रिकामा तांब्या वर धरून दोन सेकंदात खाली ठेवत होते. प्रयोगाला बॅकस्टेजच्या मुलाने प्रेमाने तो काठोकाठ भरून ठेवला. वरून पाणी प्यायला किती वेळ लागतो हे मला तेव्हा तीनशे लोकांसमोर कळलं, अर्धं पाणी पदरावर, ठसका लागला आणि समोरच्या मुलाला वाटलं मी वाक्य विसरले, म्हणून त्यानेच विचारलं, "आबा गेले का?" हशा पिकला. त्या वाक्यावर लोक गप्प व्हायला हवे होते. तेव्हा सोमवारपासून पाणी खरं, चहा खरा, पत्रावर खरंच काहीतरी लिहिलेलं आणि साडी असेल तर रोज साडीच, जीन्सवर ओढणी गुंडाळून पायऱ्या चढता येतात, साडीत चढून बघा मग सांगा.

स्क्रिप्टसुद्धा सोमवारी रात्री बंद. कोणाच्या हातात कागद दिसला की त्याचा चहा. पाठांतर चेक करायला सोपं म्हणजे पाठीला पाठ लावून बसायचं, भावना-बिवना काही नाही, फुल स्पीडमध्ये वाक्यं टाकायची. जिथे अडखळता ती जागा पाठ नाहीये, इतके दिवस मूव्हमेंटच्या आधाराने निघत होती. आणि स्वतःचं वाक्य पाठ करताना समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्दपण पाठ करा, कारण आपण विसरतो ते बहुतेक वेळा सुरुवात कधी करायची तेच. बुधवारनंतर प्रॉम्प्टिंग नाही. अडकला तर जो स्टेजवर आहे त्यानेच बाहेर काढायचं, स्टेजवर कोणी "सॉरी, परत घेऊ" म्हणायचं नाही, तालमीतसुद्धा नाही, जीभ तीच सवय घेऊन स्टेजवर जाते.

मंगळवारी टेप घेऊन बसा. क्लासरूम आणि स्टेज यांच्या मापात फार फरक असतो आणि हे सगळ्यांना माहीत असून कोणी मोजत नाही. सदाशिव पेठेत स्पर्धा होते त्या भरत नाट्य मंदिरला आधी विचारून दोघांनी जा, रुंदी, खोली, विंगेपासून (स्टेजच्या बाजूची, पडद्याआडची जागा) मधल्या खुर्चीपर्यंतची पावलं, सगळं लिहून आणा आणि पार्किंगच्या फरशीवर चिकटपट्टीने तेच माप आखा. खासकरून विंग. क्लासमध्ये तुम्ही दाराच्या चौकटीत उभे असता, दोन पावलं टाकली की सीनमध्ये. स्टेजवर तेच अंतर सहा पावलं निघतं, आणि "कोण आहे?" आणि तुमची एन्ट्री यांच्यामध्ये एक भलामोठा खड्डा पडतो. उपाय एवढाच की क्यू, म्हणजे ज्या वाक्यावर निघायचं ते, एक वाक्य आधीचा धरायचा, पण तो खड्डा आधी दिसायला तर पाहिजे.

बुधवारी नवीन काही सुचलं तर वहीत लिहा आणि वही बंद करा. दर वर्षी कोणीतरी सिनिअर येतो, तालीम बघतो आणि म्हणतो शेवट बदला, एक मॉब टाका, वरून कागद पाडा. चहा पाजा आणि पाठवा. शेवटच्या क्षणाला चिकटवलेलं चिकटवलेलंच दिसतं, आणि 2022 ला तर परीक्षकांनी पुरुषोत्तमचा करंडकच कोणाला दिला नव्हता, त्यामुळे कागद पाडून कोणी हुरळेल या भ्रमात राहू नका.

गुरुवार-शुक्रवार बॅकस्टेजचा. खरं तर आठवडाभर त्यांचाच असायला पाहिजे पण आपण नट लोक ऐकत नाही. सेट लावायला मोजकीच मिनिटं मिळतात, नियमावलीत बघा आणि त्यापेक्षा दोन मिनिटं कमी धरून स्टॉपवॉच लावा. कोण काय उचलणार हे नावानिशी कागदावर हवं, "सगळे मिळून लावू" म्हटलं की लेव्हलपाशी (स्टेजवर ठेवायचा लाकडी चौथरा) पाच जण आणि दरवाजा टेम्पोतच. पहिल्यांदा लावाल तेव्हा वेळ दुपटीने जाईल, घाबरू नका, चौथ्या-पाचव्यांदा बसतं. मग तेच अंधारात करा. ब्लॅकआउटमध्ये खुर्ची हलवायची असेल तर जमिनीवर रेडियमचे छोटे तुकडे लावा, छोटे म्हणजे नखाएवढे, आमच्या एका मित्राने पट्ट्या मारलेल्या तर ब्लॅकआउटमध्ये स्टेज एअरपोर्टसारखं दिसत होतं. म्युझिकच्या फायलींना नावं 01, 02, 03 अशीच द्या, "फायनल नवीन खरंच फायनल" अशी नाही. लॅपटॉपचं नेट बंद, नाहीतर आबांच्या मरणावर व्हॉट्सअ‍ॅपचं टिंग वाजतं. लाइट्सचे क्यू ऑपरेटरच्या स्क्रिप्टवर पेनने, डोक्यात नाही. लेखकाचं परवानगीपत्र, सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणि आयकार्डं एका फाइलमध्ये घालून ती फाइल सगळ्यात बोअर माणसाकडे द्या, तो हरवत नाही.

आता घसा. पावसाळा आहे, निम्म्या टीमला सर्दी असतेच. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, झोप, एवढंच. घसा बसला तर कुजबुजू नका, त्यानेपण ताण येतो, गप्प बसा आणि खाणाखुणा करा. आणि एक कळकळीची विनंती, स्वतःच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कॉलेजची एकांकिका बघायला जायचं असेल तर जा, पण "अरे आवाज कुणाचा" करायचं नाही. माहितीये राहवत नाही. आमच्या लीडला राहवलं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी आवाज कुणाचाच नव्हता.

शनिवारी रंगीत तालीम एकदाच, मेकअप, कपडे, लाइट, सगळ्यासकट, मध्ये न थांबता, काहीही पडलं-झडलं तरी. दुसरी करायचा मोह होतो, करू नका, घरी जाऊन वरणभात खा.

रविवारी एक तास आधी पोचा, बॅकस्टेजवाल्यांनी दोन. पोहे चालतील, वडापाव प्रयोगानंतर. नारळ फोडायचा असेल तर खोबरं विंगेत सांडू देऊ नका, घसरतं. तिसऱ्या घंटेआधी प्रत्येकाने आपापली प्रॉपर्टी, म्हणजे सीनमधल्या वस्तू, स्वतःच्या हाताने तपासायची, "त्याने ठेवलीय" हे त्या यादीतलं शेवटचं 'समजा'. तांब्या अर्धाच भरा.

आणि पडदा पडल्यावर मिठ्या मारायच्या आधी सामान मोजायला दोन जण ठेवा, पुढचं कॉलेज विंगेत उभंच असतं. आम्ही ठेवले नव्हते. तो तांब्या शेजारच्या काकूंचा होता, त्या अजून विचारतात.