थायरॉईडची गोळी चालू आहे तरी टीएसएच वाढतोय? या चुका टाळा

गेल्या वर्षी आईचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला मुख्य आकडा, ३ वरून एकदम ११ वर गेला. गोळी तीच, ७५ मायक्रोग्रॅमची, आणि आई एक दिवस चुकवणारी नाही, मग झालं काय? डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी विचारलं की मधे काही नवीन औषध सुरू केलंय का, तर आई म्हणाली छे हो, काहीच नाही. घरी येऊन औषधांचा डबा उघडला तर थायरॉईडच्या बाटलीला खेटून कॅल्शियमची स्ट्रिप, गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली. "ते कुठे औषध, ती तर ताकदीची गोळी," आणि दोन्ही गोळ्या रोज सकाळी एकाच घोटात पोटात जात होत्या!

थायरॉईडच्या गोळीत असतं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथी बनवते तोच हार्मोन. कॅल्शियम आतड्यातच या थायरॉक्सिनला धरून ठेवतं, म्हणजे ७५ गिळली तरी रक्तात त्याहून बरीच कमी पोहोचते. लोहाच्या गोळीचं तसंच, ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तसंच. मधे ४ तासांचं अंतर हवं. आम्ही कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर नेलं, डोस होता तेवढाच ठेवला, आणि दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा जागेवर. तेव्हापासून मी ओळखीत ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय, कारण घरोघरी हीच गडबड दिसते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. टीएसएच हा हार्मोन थायरॉईडमधून येतच नाही, तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. गच्चीवरच्या टाकीला सेन्सर असतो ना, पाणी कमी झालं की मोटर चालू, भरलं की बंद, अगदी तसं. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून गळ्यातल्या थायरॉईडला सांगते की अजून बनव, आणि पुरेसं झालं की टीएसएच कमी करते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे बहुतेक वेळा थायरॉईड कमी पडतेय. "माझा थायरॉईड वाढलाय" म्हणणारे निम्मे लोक इथेच उलटं समजतात आणि मग नेटवर उलट्याच आजाराचं पथ्य वाचत बसतात.

चहासोबत गोळी

ही सगळ्यात कॉमन चूक. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, चहा कॉफी दूध नाश्ता काही नाही. उठल्या उठल्या चहा लागतोच असं असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, जेवणानंतर ३ तास गेलेले असले म्हणजे झालं. सकाळ की रात्र यापेक्षा रोज एकसारखं घेणं महत्त्वाचं. आणि बाटली गॅसजवळच्या फळीवर नका ठेवू, उष्णता आणि दमट हवेनं गोळीची ताकद कमी होते.

१५ दिवसांत परत टेस्ट

डोस बदलला की लोकांना लगेच रिपोर्ट हवा असतो. थायरॉक्सिन शरीरात फार सावकाश चालतं, निम्मं कमी व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे नवीन डोसची पातळी स्थिर व्हायला ५-६ आठवडे जातात आणि पिट्युटरी त्यानंतर शांत होते. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी टेस्ट करा, आधी केली तर अर्धवट आकडा बघून डोस उगाच वरखाली होत राहतो. टीएसएच दिवसभरातही बदलतो, रात्री जास्त असतो, तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर.

केसांसाठी बायोटिन नावाचं व्हिटॅमिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, टेस्टच्या आधी किमान २ दिवस ते बंद ठेवायला सांगतात. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि थायरॉक्सिन खोटं जास्त दिसतं, म्हणजे गोळी कमी पडतेय अशा माणसाला रिपोर्ट सांगतो की जास्त होतेय.

याच सावकाश चालीमुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरायचं कारण नाही, आठवेल तेव्हा घ्या. पण नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस "उपासाला गोळी नको" म्हणून बंद ठेवणं वेगळं, तेवढ्यात पातळी निम्म्यावर येते.

नॉर्मल आला, गोळी बंद

हे वाचून तरी कुणी करू नका. रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळे आलाय. आपल्याकडे बहुतेकांना हाशिमोटो असतो, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला हळूहळू मारते, ती गोळीनं परत उगवत नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी थायरॉईड कमी पडून सुजलेल्या, थंडगार पडलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, बाई बऱ्या झाल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या, पण तो अर्क घेतच. काही जणांची गोळी खरंच सुटते, जसं बाळंतपणानंतरच्या तात्पुरत्या थायरॉईडमध्ये, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

उलटी चूकही बघितलीय, वजन उतरावं म्हणून मनानेच दीड गोळी. थायरॉईड कमी असल्यामुळे वाढलेलं वजन बहुधा २-४ किलो असतं, तेही बरंचसं पाणी आणि मीठ, त्यापुढचं गोळीनं उतरत नाही. जास्तीच्या गोळीनं मात्र छातीत धडधड, हृदयाचे ठोके अनियमित, हाडं ठिसूळ, आणि साठीच्या पुढच्या बायकांना हे फार महागात पडतं.

थायरॉईडला कोबी-फ्लॉवर चालत नाही म्हणतात, पण शिजवून खा बिनधास्त. आयोडीनच्या गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका, हाशिमोटोमध्ये त्यानं बिघडू शकतं, घरातलं आयोडीनयुक्त मीठ पुरतं.

स्टेरॉईडचंही थोडं सांगते, कारण गणित हेच. दम्याला किंवा संधिवाताला काही आठवडे स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या की किडनीवरच्या ॲड्रीनल ग्रंथींना वरून, पिट्युटरीकडून, निरोपच येत नाही, त्या कॉर्टिसॉल हा शरीराचा स्वतःचा स्टेरॉईड बनवणं कमी करतात. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम तोडली तर बीपी पडतं, उलट्या होतात, जिवावरही बेततं. ती हळूहळूच कमी करायची, डॉक्टर सांगतील तशी.

दिवस राहिले आणि सांगितलंच नाही

याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिले तीनेक महिने बाळाची स्वतःची थायरॉईड चालू झालेली नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच जातं, आणि गोळी घेणाऱ्या बहुतेक बायकांना या काळात डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. त्यात याच दिवसांत लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतात, आणि ४ तासांचं अंतर कुणी सांगत नाही. घरच्या टेस्टवर दोन रेघा दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पहिल्या सोनोग्राफीची वाट बघू नका.